किसनमामा आणि जहागीरदारांचा पुतळा

आमचे शेजारी किसनमामा रोज सकाळी बादली घेऊन वेशीजवळच्या जहागीरदारांच्या पुतळ्याला आंघोळ घालतात आणि ती घालता घालता त्याच जहागीरदारांना ठेवणीतल्या शिव्या देतात. कानामागचा मळ काढताना तर शिव्यांना विशेष धार चढते.

"मामा, धुताही अन् शिव्याही देता?" मी एकदा विचारलं.

"बेशक!" मामा म्हणाले. चहा घेता का विचारलं तरी हेच उत्तर येतं.

पुतळ्याला कुणी सायकल टेकवली की मामा अंगावर धावून जातात. एका जयंतीला जहागीरदारांच्या वारसांनी प्लॅस्टिकचा हार घातला, तो मामांनी लगेच उतरवला. "टोचतोय तो मानेला!"

नायगाव तालुक्यातलं आमचं गाव निजामाच्या काळात या जहागीरदारांसाठी वेठीला राबलं. पुढे त्यांच्या मुलाने बापाचा पुतळा उभारला. यंदा तरुणांनी तो हटवायची मागणी केली, तेव्हा वारस म्हणाले, गावची विहीर जहागीरदारांनीच बांधली.

"बांधली माझ्या आज्यानं!" मामा ग्रामसभेत गरजले. "ह्यांनी नुस्तं बोट दावलं!"

मतदानाला पहिला हात मामांचाच. पुतळा हटवायचं ठरलं. माझं डोकं चालेना. घरी जाताना मी पुन्हा छेडलं, "मामा, उद्यापासून धुणार कुणाला?"

मामा चालता चालता थांबले.

"गुरुजी, जहागीरदारानं जन्मात फोटो काढू दिला न्हाई. फोटोनं आयुष्य घटतं म्हणं. मग मूर्तिकाराला तोंड कुठून मिळावं? पोरगा म्हणला, आमच्या बापाच्या मिशा त्या गणपतवाणी होत्या. अन् त्या गणपतला, माझ्या बापाला, मूर्तिकारापुढं तीन दिवस उन्हात उभं केलं. भाकरबी घरचीच."

"म्हणजे तो चेहरा..."

"बेशक. माझ्या बापाचा. घरात त्याचा एकबी फोटो न्हाई. तेवढंच तोंड हाय बघायला."

या माणसाची मी वर्षानुवर्षं थट्टा केली होती. "मग हात कशाला वर केलात, मामा? नसता केला तर कुणी काही म्हणालं नसतं."

मामांनी उपरण्याने तोंड पुसलं.

"नाव जहागीरदाराचं, अन् उभा माझा बाप. मरून इतकी वर्सं झाली, तरी त्याचीच वेठ करून राहिला. लई झालं, गुरुजी. सुटू द्या आता त्याला."