सयाजीच्या दातांचा पूल आणि काजल म्हैस

दिवाळीच्या पाडव्याच्या आदल्या सकाळी सयाजी गवळी गोठ्यात उभा राहून गाल फुगवून फुंकत होता. तोंडातून नुसती हवा येत होती. समोर काजल म्हैस रवंथ करत त्याच्याकडं बघत होती; हा पावणा कोण आणि आपल्या गोठ्यात का फुंकतोय, असा तिचा चेहरा.

"फूस... आगं ये की! फूस..."

सयाजीचे वरचे समोरचे दोन दात काजलच्याच शिंगानं पडले होते. पण त्या खिंडीतून शीळ अशी निघायची, की काजल दावं तोडून धावत यायची. गगनबावड्याच्या घाटातली जनावरंसुद्धा कान टवकारतात, असं सयाजी सांगे. आपण निम्मं धरू, तरी पुष्कळ झालं. पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून मालकाच्या गाडीमागं पळवतात. त्या शिळेच्या जोरावर मानाचा फेटा दरसाल सयाजीच्याच डोक्यावर.

आणि बायकोनं, तानाबाईनं, ती खिंडच बुजवली. पोरीच्या साखरपुड्यात बाप भुयारासारखा हसायला नको म्हणून तिनं त्याला दातांच्या डॉक्टर केतनकडं ढकलत नेलं. डॉक्टरनं शेजारचे दात घासून त्यांच्यावर पांढराशुभ्र पूल बसवला.

"तुज्या हौसंपायी माजी म्हस गेली!" सयाजी गरजला.

"म्हस हितंच हाय की. आन् दात बगा, कसं मोगऱ्यावानी!"

"दात दाखवून म्हस पळवू व्हय?"

कुंपणापलीकडून शर्यतीत दरसाल दुसरा येणाऱ्या शेजारच्या आप्पासोनं मान वर काढली. "सयाजीराव, यंदा काजलला पत्र टाका. पोस्टानं ईल."

सयाजी तडक दवाखान्यात शिरला. "डॉक्टर, काढा ह्यो पूल!"

त्याचा आवाज ऐकून खुर्चीतला पेशंट जबडा न मिटताच जिना उतरून गेला.

"काका, तो पक्का चिकटवलाय. आता कापूनच काढावा लागेल. महिनाभरात सवय होईल, शिट्टीही येईल."

"आन् पाडवा महिनाभर थांबतोय व्हय?"

"मी उद्या स्वतः येतो. बघू काही जमतंय का," डॉक्टर म्हणाला. माणूस भला, हीच त्याची चूक.

दुसऱ्या दिवशी हलगी कडाडत होती, शिंगांवर मोरपिसं डुलत होती. एकेकाची पाळी, पंचांच्या हातात घड्याळ. आप्पासोची म्हैस त्याच्या बुलेटमागं सुसाट गेली. मग सयाजीनं मोटारसायकल पुढं घेतली आणि छाती भरून फुंकलं.

"फूस."

काजल खांबासारखी उभी.

"आरं, टायर पंक्चर झाला काय रं?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं आणि मैदान खदखदलं.

तेवढ्यात सुरुवातीच्या दोरीजवळ स्कूटरवर बसलेला डॉक्टर हसून म्हणाला, "काका, जीभ टाळूला लावून बघा!"

झालं! सयाजीनं मोटारसायकल तिथंच आडवी टाकली. "थांब रं! तुज्या पुलाला सुरुंगच लावतो!"

डॉक्टरनं स्कूटर हाणली. तिन्ही बाजूंना माणसं, मोकळी होती फक्त शर्यतीची वाट. पुढं स्कूटर, मागं बोंबलत सयाजी. शीळ गेली असली तरी ही बोंब काजल रोज गोठ्यात ऐकत होती. तिनं कान उभारले, शेपटी उचलली आणि उधळली. मालकाला तर तिनं चार ढांगांत मागं टाकलं. मालकाचा राग कुणावर आहे, हे म्हशीला कळत होतं. शिंगं स्कूटरच्या नंबरप्लेटवर खडखडत राहिली आणि डॉक्टर अन् काजल, दोघंही आप्पासोपेक्षा कितीतरी कमी वेळात रेघ ओलांडून गेली.

सयाजी धापा टाकत पोचला, तोवर पंचांनी डॉक्टरच्या डोक्याला फेटा बांधला होता.

"आवं, म्हस माजी हाय!"

"न्हाय कोण म्हणतंय? पण ज्याच्या गाडीमागं म्हस, त्यो मानकरी. तुमची गाडी तिकडं आडवी पडलीया."

"काका, हा तुम्हीच घ्या हो," डॉक्टर घाईघाईनं म्हणाला.

"दुसऱ्याच्या डोस्क्यावरचा फेटा मी घालीन व्हय?"

एवढ्यात काजलनं मागून फेट्याचा लोंबणारा शेमला तोंडात धरला आणि ती शांतपणे चघळू लागली. डॉक्टर मान ताठ करून उभा, आणि डोक्यावरचा मान वेढ्यावेढ्यानं म्हशीच्या पोटात चाललेला.

सयाजीनं तिच्या मानेवरून हात फिरवला. दिवसभरात पहिल्यांदाच त्याचा आवाज उतरला.

"सावकाश खा गं बाय," तो म्हणाला, "ठसका लागंल."