जनूभाऊंची हिरवी चौकट

आमच्या शेजारचे जनूभाऊ कुठल्याही वस्तूवर ती आतून बघितल्याशिवाय विश्वास ठेवत नाहीत. उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात जीन्स घेतानाही आधी पँट उलटी करून शिलाई बघतात. सारी नोकरी अंबरनाथ एमआयडीसीत माल तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर तपासायला उरलं आमचं बदलापूर. "वरून सगळंच चकाचक असतं वो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

अशा माणसाला स्वतःचंच आतडं बघायला मिळालं! पोट सारखं बिघडतं म्हणून डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी केली, म्हणजे मागच्या वाटेनं कॅमेऱ्याची नळी. पडद्यावर एआयने एका ठिकाणी हिरवी चौकट काढली. डॉक्टरांनी निरखून पाहिलं, तर बारीकशी गाठ. पुढेमागे कॅन्सर होऊ शकला असता. ती तिथल्या तिथे काढली.

तेव्हापासून तो व्हिडिओ जनूभाऊंच्या मोबाइलवर. रिक्षावाला, दूधवाला, कोणी सुटलं नाही. "ही बगा चौकट! डॉक्टरच्या आधी मशीननं पकडली. आपलाच आतडा हाय!" मुलगा बोर्डात आल्याच्या थाटात सांगायचे. जीन्सवाला सिंधी दुकानदार कळवळून म्हणाला, "साईं, पहले खाना तो खाने दो."

कळस झाला त्यांच्या मोठ्या भावाच्या मुलीच्या साखरपुड्यात. पंगत बसलेली, पानात जिलेबी, आणि जनूभाऊ व्याह्यांसमोर मोबाइल धरून उभे. मी त्यांना मांडवाबाहेर ओढलं. "अहो, काही लाज आहे की नाही?"

"हाय ना," ते हळूच म्हणाले. "पण वहिनीला माझ्यापेक्षा जास्त हाय. शौचातून रक्त जातंय तिला. दादा बोलला. तपासाला चल म्हटलं की तोंडाला पदर लावते. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलाय. म्हटलं, माझं सगळ्या गावानं बगू दे, मग तिला येकटीला कसली लाज?"

या विक्षिप्त माणसाचा मला फार अभिमान वाटला.

तेवढ्यात वहिनीच हात पुसत बाहेर आल्या. कोणी ऐकत नाही ना, बघून घेतलं. "जनू, ती नळी घालताना दुखतं का रं?"

जनूभाऊ मान हलवून नाही म्हणाले.

"मग चल माझ्यासंगती. पण माझा व्हिडिओ कोणाला दाखवलास तर बग!"

जनूभाऊ हसायला गेले आणि मांडवाच्या खांबाला धरून हमसून हमसून रडले.