'आहे' म्हणणारा रेडा

एका जंगलात, मुलांनो, एक नदी होती आणि ती ओलांडून देणारी एकच म्हैस होती. तिचं नाव चंद्री. काठावरच्या उंबरावर माधोजी माकड बसे. आलेल्या प्राण्याला कुणाच्या पाठीवर बसायचं ते सांगायचं, एवढंच त्याचं काम. पाठ एकच असल्यामुळे काम छान जमत होतं.

पुढे चंद्री गाभण राहिली. ती वाघमहाराजांकडे गेली.

"सरकार, व्यायला चार दिवस रजा हवी."

कोल्हा नुकताच शहर पाहून आला होता. तो म्हणाला, "महाराज, तिकडे एक चालू ठेवतात आणि एक स्टँडबाय. पहिला पडला की दुसरा उभा!"

लगेच एक रेडा नेमला. त्याला काठावरचा गार चिखल दिला. माधोजीने घटकेघटकेला दोघांना हाक मारायची, "आहेस का?" जो "आहे" म्हणेल तो ठणठणीत. न म्हणेल त्याला फुली.

रेडा एकदाही चुकला नाही. डोळे मिटूनसुद्धा "आहे" म्हणायचा. चंद्री बिचारी भर धारेत तोंड मिटून पोहत असायची. रेड्याला पाण्यात उतरून दाखव, असं मात्र कुणी म्हटलं नाही. एवढ्या भारदस्त प्राण्याला असं विचारणं बरं दिसत नाही.

एका सकाळी चंद्रीला कळा सुरू झाल्या. माधोजीने सगळी रांग रेड्याकडे वळवली. तीन ससे बसले. रेडा गुडघाभर पाण्यात गेला आणि थांबला.

"आहेस का?"

"आहे!"

माधोजीने आणखी सात जण चढवले. रेडा पोटापर्यंत रुतला.

"आहेस का?"

"आहे!"

मग साळिंदराचं अख्खं कुटुंब चढलं. रेड्याचं नुसतं नाक वर राहिलं आणि आरडाओरडा झाला.

चंद्रीने ओलं रेडकू काठावर ठेवलं. तिला रडू येत होतं. तशीच ती पाण्यात शिरली आणि एकेकाला बाहेर काढलं, शेवटी रेड्यालाही.

चौकशी बसली. रेड्याच्या नावावर एकही फुली नव्हती. चंद्रीच्या नावावर फुल्याच फुल्या, त्यातल्या तीन त्याच सकाळच्या. रेडा मुख्य झाला, चंद्री स्टँडबाय.

"म्हणजे आता तरी रजा मिळेल ना, सरकार?"

"अगं, स्टँडबायला रजा कशाला? तो बसूनच असतो."

हल्ली प्राणी येतात, रेड्याला रामराम करतात आणि चंद्रीच्या पाठीवर बसतात. रेडकू काठावर आईची वाट बघत उभं असतं.

तात्पर्य: मुलांनो, पोहणाऱ्याला ओ देता येत नाही. म्हणून मोठेपणी नोकरीला लागलात की पाण्यात उतरू नका. हाक आली की ओ मात्र लगेच द्या.