तातेराव गुरुजींची एकविसावी बाटली

जाफराबादच्या पंचक्रोशीत खरा निर्मळ माणूस एकच, आणि तो म्हणजे आपण, याबद्दल तातेराव गुरुजींना तिळमात्र शंका नव्हती. त्यामुळे शहरातल्या प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाई कपाशीवर फवारणी करणाऱ्यांच्या लघवीत किती विष उतरतं ते तपासायला आल्या, आणि तुलनेसाठी फवाऱ्याला कधीच हात न लावलेला एक जण हवा म्हणाल्या, तेव्हा गुरुजी पहिलीतल्या पोरासारखं बोट वर करून उभे राहिले.

"लिहून घ्या बाई. शेती नाही, तंबाखू नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही. शुद्ध शाकाहारी!"

शेतकऱ्यांच्या वीस बाटल्या आणि गुरुजींची एकविसावी बर्फाच्या डब्यात बसून ऐटीत शहराला गेल्या. महिन्याने निकाल आला. गुरुजींनी ठेवणीतली टोपी घातली आणि पारावर सगळ्यांसमोर कागद उघडला. पहिला नंबर त्यांचाच होता. विषात! रोज पाठीवर पंप घेऊन हिंडणारा कडूबा त्यांच्या निम्म्यावरसुद्धा नव्हता.

बाटल्यांची अदलाबदल झाली, असं गुरुजींनी ठासून सांगितलं. बाईंनी यादीतलं नाव खोडायला उघडलेलं पेन मिटलं आणि दुसरी बाटली दिली.

गुरुजींच्या अंगात विष भिनलं म्हणून गाव हळहळलं. जो तो टोपली घेऊन दारात! वांगी, भेंडी, गवार, सगळं आरशासारखं चकचकीत. अंगात ताकद यावी म्हणून गुरुजींनी दोन्ही वेळा पोटभर खाल्लं, आणि मग बाटली भरली.

दुसरा निकाल पहिल्याच्या दुप्पट!

"चोरून फवारायला तर जात न्हाईत ना हे?" त्यांच्या पत्नी सत्यशीलाबाईंनी डोळ्याला पदर लावला.

बाईंनी भाजी कुठली खाता ते विचारलं. तशी कडूबानं मान खाली घातली.

"आमी घरी खातो ती बांधावरची, बिनफवाऱ्याची. पण ज्येंनी अक्षर शिकवलं त्येंला किडकं वांगं कसं द्यावं? गुरुजींला बाजारचा माल देतो बाई. चांगला सात फवाऱ्यांचा."

बाईंनी शेवटची संधी दिली. दुसऱ्या दिवसापासून कडूबा मोठ्या आदरानं, एकेक निवडून, किडकी वांगी आणू लागला. सत्यशीलाबाईंनी अधू नजरेनं जमेल तशी ती चिरली. तिसरा निकाल आला, आणि गुरुजी गंगेच्या उगमासारखे स्वच्छ निघाले!

बाईंनी वही उघडली. "मग लिहू ना गुरुजी, शुद्ध शाकाहारी?"

गुरुजींना कालच्या भाजीतलं ते अळीसारखं काहीतरी आठवलं.

"शुद्ध तेवढं गाळा," ते हळूच म्हणाले. "नुसतं शाकाहारी लिहा. तेही पेन्सिलीनं."