पाणकोंबडीची अंडी आणि निसर्गशिबिर

एका जंगलात, बाळांनो, दोन तळी होती. निसर्गाची आवड मात्र कुणालाच नव्हती. सगळे तिथंच राहत असल्यामुळे तशी गरज पडत नसे.

मग कोल्होबाने एका तळ्याकाठी तंबू ठोकले आणि त्याला निसर्गशिबिर असं नाव दिलं. झालं! अस्वलकाका आपल्या गुहेला कुलूप लावून हाकेच्या अंतरावर मुक्कामाला आले. मागोमाग सांबरभाऊ आले, साळिंदरवहिनी आल्या. सतरंज्या आल्या, लोणची आली, मोठ्यानं गाणारी पेटीही आली.

तळ्याच्या कडेला उंच गवत होतं. त्यात पाणकोंबडीचं घरटं होतं आणि घरट्यात अंडी होती. पाणकोंबडी धावत कोल्होबाकडे गेली.

"भाऊ, पिल्लं बाहेर पडेपर्यंत तरी या कडेला कुणाला येऊ देऊ नका हो!"

"अगं ताई, तुमच्यासारख्यांसाठीच तर हे सगळं चाललंय!"

लगेच पाटी रंगवली गेली: 'पाणकोंबडीची अंडी. हात लावू नये.' अस्वलकाकांनी तर डोळेच पुसले. पाटीशेजारी उभं राहून सगळ्यांनी फोटो काढले. पण गवताच्या सावलीत चेहरे काळे येत होते. म्हणून पाटी उचलून शिबिराच्या फाटकापाशी उन्हात रोवली.

"आता तू निर्धास्त चरायला जा, पोरी," काका म्हणाले.

पाणकोंबडी गेली. अंडी उबवताना तिच्या पोटात धड काही पडलंच नव्हतं.

काकांनी तळ्याकडे तोंड करून खुर्ची टाकली. बघतात तर समोर नुसतं गवत.

"पाणी दिसत नाही, मग तळ्यावर आलो कशाला?"

सांबरभाऊंनी गवत उपटून काठ साफ केला. उपटता उपटता अंडी सापडली.

"अरे वा, गावठी!" काका खुर्चीतून उठलेच. "वहिनी, तवा ठेवा."

"अहो, पाणकोंबडीची तर नसतील ना?"

"काहीतरीच काय! तिची फाटकापाशी आहेत. पाटी वाचली नाहीत का तुम्ही?"

वहिनींनी तवा ठेवला. चव एकदम वेगळी, असं सगळ्यांचं मत पडलं.

पाणकोंबडी परतली. काठ भुंडा झाला होता. चुलीपाशी टरफलं पडली होती. तिनं टाहो फोडला.

"शूऽऽ!" काका मिशा पुसत म्हणाले. "हळू गं जरा. आम्ही पाखरांचे आवाज ऐकायला बसलोय."

तात्पर्य: झडप घालणाऱ्यापासून पळून जाता येतं. आपल्यासाठी डोळे पुसणारा भेटला, तर त्याची न्याहारी झाली आहे ना, एवढं आधी विचारून घ्यावं.