बांधावरचा विंगर

ओटीच्या दारापासून ताटापर्यंत सरळ मधून यायचं सोडून प्रणय नेहमीप्रमाणे भिंत धरून निघाला. दाराशेजारची कणगी, पुढे कपाट, मग देव्हारा, मग खिडकी, असा अख्ख्या खोलीला वळसा घालून तो ताटावर येऊन बसला. तोवर बोंबलाचं कालवण निवलं होतं.

"अरे यार प्रणय, मधून ये ना! रूममध्ये काय खाडी आहे का?" हेमाली वैतागली. हेमाली म्हणजे प्रणयची बायको, माहेर पनवेलचं. लग्न झाल्यापासून ती हे रोज बघत होती आणि तरीही तिला सवय झाली नव्हती.

"सवय हाय त्याची," नीराबाई सुनेला म्हणाली. "ल्हानपनापासून कडंकडंनंच चालतंय माजा पोऱ्या."

याच सवयीवर प्रणय पोट भरत होता. मुंबईच्या बंदर एफसी या क्लबाचा तो डावा विंगर. मैदानाच्या डाव्या रेषेला चिकटून चेंडू घेऊन सुसाट पळायचं आणि कोपऱ्याजवळून गोलपुढे उडवायचा, हे त्याचं काम. ते तो इतकं चोख करायचा की चुन्याची रेषा आणि त्याचा बूट यांत गवताची काडी मावत नसे. लोकांना वाटायचं, केवढी ही तालीम! तालीम कसली? रेवसच्या अलीकडे, खाडीलगतच्या खारेपाटात बाप भागोजीचं मिठागर होतं. लहानपणी प्रणय त्याचा डबा घेऊन अरुंद बांधावरून पळत जायचा. बांधाच्या एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला मिठाचे तयार वाफे. भागोजी लांबूनच ओरडायचा, "बांध सोरू नको!" खाडीत पडला तर पोरगं जायचं आणि वाफ्यात पडला तर मीठ. यातली नक्की कशाची काळजी जास्त, हे नीराबाईने नवऱ्याला कधी विचारलं नाही.

त्या दिवशी प्रणय पहिला घास घेणार तोच कोच परेरांचा फोन आला. हेमालीने स्पीकर लावला. परेरा वसईचे, माणूस प्रेमळ, पण आवाज मैदानावर वापरायचा तोच घरातही वापरायचे.

"प्रणय, तू लाईनवरून पळतो ते एकदम झकास. पन आजकाल विंगरने आत घुसायला पायजे रे! डिफेंडरला कापून गोलकडे! तुला पाच वर्षं सांगतो मी. मॅनेजमेंट बोलतं, रविवारी शेवटची मॅच, त्यात हा आत घुसला तर कॉन्ट्रॅक्ट वाढवू, नायतर टाटा बाय बाय."

"सर, मी ट्राय करतो, पण पाय वळतच नाय."

"मंग पायाला सांग, नोकरी जाते म्हणून," परेरा म्हणाले आणि फोन ठेवला.

हेमालीने फोन बाजूला ठेवला. क्लब सुटला तर पुढे काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. हेमालीचा भाऊ विपुल बंदरातून कंटेनर वाहायचा आणि प्रत्येक सणाला भावोजींना म्हणायचा, "बूट टांगले की या माझ्या ट्रेलरवर." प्रणयला ट्रेलरचं वावडं नव्हतं, पण फुटबॉलशिवाय त्याला दुसरं काही मनापासून आवडलंच नव्हतं. त्याला रडू येत होतं, पण बापासमोर रडायची सोय नव्हती.

भागोजीनेही ताट बाजूला सारलं. पोराच्या पायांत ही बेडी आपणच घातली, हे त्याला त्या कालवणासमोर बसल्या बसल्या एकदम कळलं.

"मी शिकवला त्याला कडंनं पलायला," तो उठत म्हणाला. "आता मीच त्याला आत घालतंय."

पहिले उपाय हेमालीचे झाले. तिने अंगणाच्या मधोमध प्रणयचा मोबाइल ठेवला आणि त्यावर परेरांना फोन करायला लावला. प्रणयने कुंपणाला वळसे घातले, रिंग वाजून वाजून बंद पडली, पण मध्ये काही तो गेला नाही. मग नीराबाईने मध्यभागी सोड्यांची खिचडी ठेवली. तिच्यापर्यंत शेजारच्यांचा बोका पोचला.

भागोजी मात्र विचार करत होता. पोरगं बांध सोडत नाही ना? नको सोडू दे. बांधच वळवू! त्याने कापणी झालेल्या खाचरात मातीचा एक बांध घातला. सुरुवातीला सरळ आणि मग तिरका, थेट दोन बांबूंच्या मध्ये जाणारा. बांबू म्हणजे गोल. प्रणय बांधावर चढला, चेंडू घेऊन पळत सुटला, बांध वळला तसा वळला आणि बांबूंच्या मधून चेंडूसकट पार पलीकडच्या शेणकीत गेला.

"ग्येला! आत ग्येला!" भागोजी नाचायला लागला.

प्रणय शेण पुसत परत आला. "पण बाबा, मुंबईच्या ग्राउंडवर बांध कुठून येणार?"

"त्याची काल्जी तू करू नको," भागोजी म्हणाला आणि मिठाच्या ढिगाकडे बघत राहिला.

रविवारी सकाळी प्रणय क्लबाच्या मुक्कामावर होता. इकडे रेवसच्या धक्क्यावर भागोजी, नीराबाई आणि हेमाली लाँचमध्ये चढली. भागोजीच्या खांद्यावर तांबडा रुमाल आणि डोक्यावर मिठाचं पोतं.

"मुंबईत मीठ मिलत न्हाय काय?" लाँचवाल्याने विचारलं.

"आमच्यासारका न्हाय मिलत," भागोजी म्हणाला आणि भाऊचा धक्का येईपर्यंत पोत्यावरच बसून राहिला.

मैदानावर रितेश नावाचा माळी चुन्याच्या रेषा मारून नुकताच टेकला होता. एक म्हातारा पोतं घेऊन थेट मैदानात शिरलेला बघून तो धावत आला.

"ओ काका, किधर? काय आहे त्यात?"

"मीठ हाय. दिष्ट काराची हाय मैदानाची," नीराबाईने ठोकून दिलं आणि लगेच दोन्ही मुठींत मीठ घेऊन ती गोलपोस्टवरून ओवाळायला लागली. "आल्यागेल्याची, पाप्या-चांडालाची..."

रितेशचा चेहरा एकदम हळवा झाला. "काढा, मावशी, काढा! नजर लागलेलीच आहे. सगळ्या मॅच आम्ही घरच्याच ग्राउंडवर हरतो. त्या कोपऱ्यावरून पण ओवाळा जरा."

ती कोपऱ्याकोपऱ्यावरून ओवाळत असताना भागोजीने आपलं काम उरकलं. डाव्या रेषेपासून गोलपर्यंत जाड्या मिठाची एक तिरकी, सुबक ओळ त्याने घातली. उरलेलं मीठ पोत्यात ठेवून तो प्रेक्षकांत जाऊन बसला. दोन गोलांपैकी हाच गोल का निवडला, असं हेमालीने विचारलं. "हा जवल हाय," भागोजी म्हणाला.

नशीब असं की, बंदर एफसीला सुरुवातीला त्याच गोलवर चढाई करायची होती. समोर पुण्याचा संघ. खेळ सुरू झाला आणि थोड्याच वेळात प्रणय चेंडू घेऊन रेषेवरून निघाला. पुण्याचा बचावपटू निवांत उभा होता, कारण हा कुठे जाणार हे साऱ्या देशाला माहीत होतं. इतक्यात प्रणयला गवतात ती ओळ दिसली. जाडं, किंचित करडं मीठ. घरचं! त्याचे पाय आपोआप वळले. बचावपटू कोपऱ्याकडे धावला, प्रणय आत शिरला आणि त्याने दिलेल्या पासवर गोल झाला.

परेरांच्या हातातली पाण्याची बाटली गळून पडली. "आत गेला!" ते शेजारच्या डॉक्टरला मिठी मारून म्हणाले. "अरे, लोक हो, तो आत गेला!"

प्रेक्षकांत भागोजीने मिशीवरून हात फिरवला. आता सगळं व्यवस्थित होतं. मध्यंतर झालं, नीराबाईने डब्यातल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट काढली, सगळी पोटभर जेवली. खेळ पुन्हा सुरू झाला आणि भागोजी तोंड पुसता पुसता थांबला.

"आपला पोऱ्या तिकरं कला ग्येला?"

"बाबा, हाफटाइमनंतर बाजू बदलतात ना!" हेमाली म्हणाली. "आता आपला गोल समोरचा."

"कवापासून?"

"पहिल्यापासून!"

"टीव्हीवर तर कदी बदलला न्हाय."

"तुमी हाफटाइमला जेवायला उठता, आन जेवल्यावर झोपता," नीराबाई म्हणाली. "दुसरा हाफ तुमी जल्मात बगला न्हाय."

भागोजीने मान उंच करून बघितलं. मिठाची ओळ होती तिथेच होती आणि त्याचा मुलगा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या रेषेला चिकटून कोऱ्या गवताकडे बघत उभा होता. पुढे तर कहरच झाला. पुण्याचा डावा विंगर नेमका त्या ओळीशी आला. ही कसली रेषा म्हणून बंदर एफसीचा बचावपटू पंचांकडे बघत राहिला आणि पुणेकर ओळीवरून टुकूटुकू जाऊन गोल मारून आला.

"मीठ आपला, न गोल त्याचा!" भागोजी संतापाने उभा राहिला.

बरोबरी झाली होती. प्रणयला चेंडू मिळे, तो कोपऱ्यापर्यंत जाई आणि पुण्याचे दोघे तिथे त्याची वाटच बघत असत. परेरा डोकं धरून बसले. बाजूला राखीव खेळाडू अंग मोकळं करायला लागला. प्रणयने एकदा प्रेक्षकांकडे बघितलं आणि भागोजीला बांधावर अडकलेलं, डबा घट्ट धरलेलं तेच लहान पोर दिसलं. त्याला राहवेना. त्याने उरलेलं पोतं काखोटीला मारलं आणि कठड्यावर पाय टाकला.

"बाबा! नको! पोलीस धरतील!" हेमाली ओरडली.

"धरूदे! मीठ घातल्यावर धरूदे!"

भागोजी मैदानात उतरला. बेत सरळ होता: रेषेपासून गोलपर्यंत तिरकं जायचं आणि ओळ घालायची. पण कठड्यावरच्या खिळ्याने पोतं फाटलं होतं आणि मागे दोन सुरक्षारक्षक लागले होते. ते डावीकडून आले की भागोजी उजवीकडे जाई. उजवीकडून आले की डावीकडे. एकाला चुकवून तो उलटा फिरला, एकदा घसरून पडला, उठला, पंचांच्या आडोशाला जाऊन त्यांच्याभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा घातली आणि शेवटी गोलच्या तोंडाशी पकडला गेला. तोवर पोतं रिकामं झालं होतं. पंच इतके चिडले होते की त्यांनी खिशातून लाल कार्ड काढून भागोजीलाच दाखवलं आणि दाराकडे बोट केलं.

"ह्याचा काय अर्थ?" भागोजीने रक्षकांना विचारलं.

"म्हणजे बाहेर व्हायचं. परत यायचं नाही," रक्षक त्याला उचलत म्हणाला.

सांडलेल्या मिठाकडे बघून पंचांनी खांदे उडवले आणि खेळ सुरू केला. वेळ संपत आली होती. चेंडू प्रणयकडे आला. तो रेषेवरून निघाला आणि त्याला समोर ओळ दिसली. वेडीवाकडी होती, पण बापाने घातली होती.

मग जे झालं ते बघणाऱ्यांपैकी कोणी विसरलं नाही. बाप जिथे डावीकडे सटकला होता तिथे पोरगा डावीकडे सटकला. बाप उलटा फिरला तिथे पोरगा उलटा फिरला. पुण्याचे बचावपटू एकमेकांवर आपटले. बाप घसरला होता तिथे प्रणयही इमानेइतबारे घसरला, चेंडूसकट उठला आणि पंचांची प्रदक्षिणा आली तशी त्याने चेंडू घेऊन एक अख्खी गिरकी घेतली. तेवढ्यात तीन जण तो गेला कुठे हे शोधत राहिले. गोलकीपर तर हात जोडायच्याच बेतात होता. ओळ गोलच्या तोंडाशी संपली आणि प्रणयने चेंडू जाळीत मारला.

"काय ड्रिबलिंग! काय ड्रिबलिंग!" समालोचक किंचाळत होता. परेरा रडत होते.

पहाऱ्याच्या खोलीत रक्षकांबरोबर चहा पीत बसलेल्या भागोजीने तो गलका ऐकला. "कोनी मारला?" त्याने विचारलं. दारातून डोकावून आलेल्या रक्षकाने सांगितलं, "डाव्या विंगरने. आत घुसून." भागोजीने तांबड्या रुमालाने डोळे पुसले आणि चहात साखर कमी आहे म्हणून तक्रार केली.

करार दोन वर्षांनी वाढला. आत घुसण्याची गोडी लागल्यावर प्रणयला मिठाचीही गरज उरली नाही. सरावात परेरा फक्त "आत!" म्हणायचे आणि तो वळायचा.

सुट्टीत तो घरी आला तेव्हा मिठागर ऐन भरात होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गावदेवीला मिठाची पाटी न्यायची होती आणि ती यंदा प्रणयनेच न्यावी असं गावाने ठरवलं. बँजोवाले आले. विपुलसुद्धा ट्रेलर रस्त्याला लावून आला. प्रणयने डोक्यावर पाटी घेतली आणि तो बांधावरून ऐटीत निघाला. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला पांढरेशुभ्र, उद्या मीठ ओढून काढायचे वाफे. भागोजीचा ऊर भरून आला होता.

तेवढ्यात वाजंत्री ऐकून प्रणयच्या अंगात आलं. त्याने वेग घेतला. पुढे बांध सरळ होता.

"बांध सोरू नको!" भागोजी जिवाच्या आकांताने ओरडला.

प्रणय झकास आत वळला. पाटीसकट तो वाफ्याच्या मधोमध गेला, तयार मिठाचा चिखल करत पलीकडच्या कडेपर्यंत पोचला आणि तिथे थांबून त्याने सवयीने दोन्ही हात वर केले. नीराबाईने टाळ्या वाजवल्या.

भागोजी बांधाच्या टोकापर्यंत गेला. त्याने एकदा वाफ्याकडे बघितलं, एकदा पोराकडे. मग खांद्यावरचा तांबडा रुमाल काढला, तो हात ताठ करून उंच धरला आणि दुसऱ्या हाताने घराकडे बोट केलं.

प्रणयने मान खाली घातली. कार्ड दाखवल्यावर हुज्जत घालायची नसते, एवढं त्याला कळत होतं. तो वळला आणि निमूटपणे घराच्या दिशेने निघाला, शेजारच्या वाफ्याच्या बरोब्बर मधून.