घरगुती वापराचा ग्राइंडर

वस्तू पारखून घेण्यात माझा हात धरणारा माणूस आमच्या घराण्यात नाही! चपलांचा जोड घ्यायचा, तरी मी तीन दुकानं पालथी घालतो.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाबा रविवारी आमच्याकडे राहायला येणार होते, वॉकर घेऊन. आमच्या बाथरूमच्या उंबऱ्यावरची लोखंडी पट्टी उचकटून वर आलेली. वॉकर तिथे अडकला, की बाबा आडवेच!

"कुणाला तरी बोलावू या का?" बायकोने विचारलं.

"छे! मी ग्राइंडरच आणतो. जन्मभर घरात उपयोगी पडेल!"

तिचा चेहरा असा खुलला, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

दुकानदार भला माणूस. म्हणाला, "घरगुती कामाला चार इंची चकतीचा पुरे. पण स्विच सोडला की आपोआप बंद पडणारा घ्या. थोडा महाग आहे, पण..."

"अहो, एकच पट्टी कापायचीय!" म्हणत मी सगळ्यात स्वस्त उचलला. वर एक चष्मा घेतला. सावध माणूस ना मी!

रविवारी सकाळी घरी बायकोने खोकं उघडलं. "याची भांडी कुठायत?"

"कसली भांडी?"

"ग्राइंडर ना हा? मी जुना मिक्सर वन्संना देऊनही टाकला! बाबांच्या सुपाच्या भाज्या उकडून ठेवल्यात!"

"अगं, हा लोखंड कापतो!"

"मग भोपळ्याने काय घोडं मारलंय?"

यावर मी चष्मा चढवला आणि बाथरूम गाठलं. बटण सरकवलं. काय तो आवाज! विमान घरात शिरल्यासारखा! पट्टी मात्र लोण्यासारखी कापली गेली. ठिणग्यांनी बाबांच्या नव्या टॉवेलची चाळण केली, पण ते चालायचंच. मी ऐटीत बटण मागे ओढलं.

ग्राइंडर चालूच! दाबलं, ढकललं, चापट मारली. ढिम्म! खाली ठेवावा तर फरशीवर नाचेल, धरावा तर हातातून निसटू पाहतोय. पिसाळलेल्या मांजराला शेपटीला धरल्यासारखा मी उभा!

"पिन काढ!" मी ओरडलो.

"काय?"

"पिन! पिन काढ लवकर!"

बायको धावत गेली, धावत आली आणि समोर उभी राहिली. "काढला फोन! आता हसा जरा!"

तेवढ्यात सगळं शांत झालं. दिवेही गेले. वळून पाहिलं, तर बाहेरच्या दारात बाबा! एक हात वॉकरवर, दुसरा मेन स्विचवर. चाळीस वर्षं कारखान्यात टर्नर होते. जिन्यातच त्यांनी आवाज ओळखला होता.

टक टक करत ते आले. वॉकर उंबऱ्यावरून अलगद आत सरकला.

"हात दाखव."

मी शाळेतल्या पोरासारखे दोन्ही पंजे पुढे केले. बाबांनी एकेक बोट चाचपून मोजलं.

"दहाच्या दहा. म्हणजे ग्राइंडर बरा निघाला म्हणायचा!"

मी हसलो. पण खरं सांगू? त्यांचं मोजून होईपर्यंत मलाही खात्री नव्हती!